देवपणाचा सातबारा



मघाशी आपण समई लावली, तसबिरीला हार घातला आणि ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींपुढे हात जोडले. गुरुजींना हे रुचलं असतं का, हे मी संयोजकांना विचारलं नाही. गेलेल्या चांगल्या माणसापुढे हात जोडायला आपल्याला शिकवावं लागत नाही, आणि हात का जोडले हे कोणी विचारतही नाही. आज मी ते विचारणार आहे. माणूस देव असतो, किंवा होऊ शकतो, ही समजूत आपल्याकडे आली कशी, टिकली कशी आणि तिनं केलं काय, हा माझा विषय.

या समजुतीच्या दोन जाती आहेत. पहिलीप्रमाणे देव एखाद्याच माणसात उतरतो. तो निराळा, बाकी आपण सगळे साधे. दुसरीप्रमाणे देव प्रत्येकात आहेच, फक्त ओळख पटायची राहिली आहे. पहिलीला अवतार म्हणा, दुसरीला अद्वैत. आपल्या घरांत दोन्ही एकाच देव्हाऱ्यात सुखानं नांदतात. वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी, खालच्या फळीवर स्वामींचा फोटो, आणि कोणाला काही अडचण वाटत नाही. मला वाटते. कारण महाराष्ट्रात या दोन समजुतींनी नेमकी उलटी कामं केली. सगळ्यांत देव आहे असं शिकवणाऱ्यांच्या गावात पाणवठे बंद राहिले, आणि देव फक्त याच्यातच आहे असं मानणाऱ्यांच्या अंगणात कधीकधी जातीचा विसर पडला.

सुरुवात तेराव्या शतकापासून करतो. तिथला पुरावा भरघोस आहे आणि तो मराठीत आहे. महानुभाव पंथ पाच कृष्ण मानतो: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर. पहिले दोघे पुराणातले. उरलेले तिघे हाडामांसाची माणसं, मागच्याच पिढीत लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली. चक्रधर गेल्यावर म्हाइंभटानं त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन तो विचारत राहिला, आणि एकाच प्रसंगाच्या दोन हकिगती मिळाल्या तर दोन्ही नोंदवत गेला. त्या खटाटोपातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. आपल्या गद्याची सुरुवात आपण तिथपासून धरतो. म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा विषय एक जिवंत देव आहे, हे ध्यानात घ्या.

आणि तो देव कसा आहे? तो चालून दमतो, जेवतो, दुखण्यानं पडून राहतो, थट्टा करतो. महादाइसेसारखी चौकस बाई त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारते आणि तो उत्तरं देत बसतो. शास्त्राचं बोलणं बायकांच्या कानी पडू नये असा तो काळ. त्या काळात परमेश्वर बाईच्या शंकेला थांबून उत्तर देतो. पुढे याच महादाइसेनं ‘धवळे’ रचले आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. गोविंदप्रभूंची तऱ्हा आणखी निराळी. ते ऋद्धिपुरात वेड्यासारखे, लहान मुलासारखे हिंडत. कोणाच्याही घरात शिरत. अस्पृश्य ठरवलेल्यांच्या घरी जाऊन तसेच ब्राह्मणाच्या घरी येत, आणि गाव तक्रार करी. पण तक्रार करणार तरी कोणाची? देवाला प्रायश्चित्त कोण सांगणार? एका माणसाला देव मानल्यामुळे गावाचा कायदा त्या एका माणसापुरता ढिला झाला, आणि त्याच्या पाठोपाठ इतर चारजणांना वाट मिळाली.

आता गंमत बघा. या पंथाचं तत्त्वज्ञान कट्टर द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून वेगळे. जीव कधीही परमेश्वर होत नाही. त्याचा उद्धार होतो, पण तो जीवच राहतो. एका माणसात देव इतक्या जवळून पाहणारे हे लोक ‘तुमच्या-माझ्यात देव आहे’ या म्हणण्याला साफ नकार देतात. मला हा नकार प्रामाणिक वाटतो. त्यात स्वतःला फुगवून घ्यायला जागा नाही.

आता घाट चढून चिंचवडला जाऊ.

मोरया गोसावी मोठे गणेशभक्त. थेऊरला तप, मोरगावची वारी, पवनेच्या काठी संजीवन समाधी. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी संतांसारखी आहे. पुढची तशी नाही. गणपतीनं मोरयांना शब्द दिला की तुझ्या वंशात मी सात पिढ्या राहीन, अशी श्रद्धा रुजली. मुलगा चिंतामणी. त्यांना तुकोबांनी ‘देव’ म्हटलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं, अशी आख्यायिका आहे. नारायण महाराजांबद्दल सांगतात की औरंगजेबानं परीक्षा पाहायला झाकलेल्या भांड्यातून गोमांस पाठवलं, झाकण काढलं तर आत फुलं निघाली, आणि बादशहानं गावं इनाम दिली. फुलांचं मला ठाऊक नाही. इनामं मात्र खरी होती. मराठेशाहीत ती वाढली, आणि त्यांच्याबरोबर कागद वाढले: सनदा, वहिवाटी, भाऊबंदकीचे वाद. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं १९८९ मध्ये या घराण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचताना देवाच्या कृपेपेक्षा जमाखर्चाचीच ओळख जास्त होते.

एकोणिसावं शतक उजाडताना कॅप्टन एडवर्ड मूर चिंचवडला गेला. हा पुढे ‘हिंदू पँथिऑन’ लिहिणारा मूर. त्यानं एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत या ‘वंशपरंपरागत जिवंत देवा’वर निबंध लिहिला आणि तो कुतूहलानं लिहिला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई गेली. देव म्हणून दाखवलेला माणूस तिला भोवतालच्या ब्राह्मणांहून फारसा वेगळा वाटला नाही. तिची नजर कुत्सित होती हे कबूल. पण खुद्द भक्तांपुढची अडचण तिच्या कुत्सितपणाहून मोठी होती. १८१० साली ही थेट वंशरेषा निपुत्रिक खुंटली. सात पिढ्यांचा वायदा संपला म्हणायचा, तर देव गेले. मग इनामं कशासाठी? नात्यातल्या एकाला गादीवर बसवून व्यवस्था चालू ठेवली गेली. पुढे १८५२ साली, म्हणजे ज्या साली आपल्या पनवेलला नगरपालिका मिळाली त्याच साली, इनामांच्या चौकशीचा कायदा झाला आणि मुंबई इलाख्यात इनामदारांना कागद घेऊन साहेबापुढे उभं राहावं लागलं. देवपण वारशानं चालतं का, या प्रश्नात कोणा शास्त्र्यानं मन घातलं की नाही कोण जाणे. महसूल खात्याला मात्र वारसाचा प्रश्न विचारणं भागच होतं.

चिंचवडची टिंगल करायला मी हे सांगत नाही. मोरयाच्या पालखीबरोबर मोरगावला पायी जाणारा माणूस सातबारा बघून जात नाही. पण एका माणसात देव ठेवला की त्या माणसाला घर लागतं, घराला वंश लागतो, वंशाला जमीन लागते, आणि देवपण हळूहळू जमिनीच्या बाजूला सरकतं. हे चिंचवडात स्वच्छ दिसतं, कारण तिथले कागद शिल्लक राहिले.

हा प्रकार एकट्या मराठी मुलखाचा नाही. रोमचे बादशहा मेल्यावर देव ठरत. व्हेस्पेझियन मरताना आपण आता देव होत चाललो की काय, असं गमतीनं म्हणाल्याची गोष्ट आहे. ख्रिस्ती धर्मसभेनं इसवी सन ३२५ मध्ये नायसीयाला आणि ४५१ मध्ये कॅल्सिडनला बसून येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचं ठरवलं, आणि ते ठरवताना चर्च फुटलं. बगदादला ९२२ साली मन्सूर अल हल्लाजला ठार केलं. आपण आणि परमसत्य एकच, असं तो म्हणाला होता. जपानच्या सम्राटानं १ जानेवारी १९४६ रोजी, युद्ध हरल्यावर, आपण देव असल्याची कल्पना खोटी असल्याचं जाहीर केलं. जैनांची वाट सगळ्यांत शांत. जग निर्माण करणारा देवच त्यांनी मानला नाही, त्यामुळे त्याच्या खुर्चीवरून भांडण नाही. कोणताही जीव कर्ममळ झाडून सिद्धपदाला पोचू शकतो.

आता आपल्या गावात येऊ. पनवेलमध्ये १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग आहे. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून आपण त्यांना शनिवार तेली म्हटलं. देव एक, त्याची मूर्ती नाही, माणूस कधीही देव नाही, ही त्यांची बैठक. पण भोवताली कोकण, जिथं प्रत्येक वाडीला जागृत स्थान. मग त्यांनी काय केलं? एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला जवळ केलं. हा मेला नाही, अग्निरथातून जिवंतपणी वर गेला, अशी यहुदी धर्मग्रंथातली कथा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा, लग्न ठरलं, मूल झालं, की मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरं, गोडाला गूळ किंवा साखर, वर फळं. आपल्या शेजारणीला तो प्रसादच वाटेल. पण प्रार्थना एकाच देवाची होते, एलियाहूची फक्त आठवण काढतात. पोहे आपले घेतले, रेघ त्यांची राखली. पुढे याच लोकांनी आपल्या प्रेषितांवर मराठीतून कीर्तनंही केली. माणसाला देवाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन तिथेच थांबवण्याची ही जी रीत आहे, तिचं मला फार कौतुक आहे. आपल्याला ती साधत नाही. आपण आत ढकलून मोकळे होतो.

कोकणी मुसलमान श्रोत्यांना माहीमचे मखदूम बाबा सांगायला नकोत. पण ते केवळ नवसाला पावणारे बाबा नव्हते. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले जाडे विद्वान. कुराणावर त्यांचं भाष्य आहे, आणि अस्तित्व एकच असं सांगणाऱ्या इब्न अरबीच्या मताचे ते अभ्यासक होते. आज त्यांच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात. इब्न अरबी कुठे आणि पोलीस चौकी कुठे! पण असंच होतं. ग्रंथ कपाटात जातो आणि समाधीवर चादर चढते.

शिर्डीचंही तेच झालं, आणि आपल्या डोळ्यांदेखत झालं. पडक्या मशिदीत राहणारा एक फकीर. तिथे धुनी पेटायची, मशिदीचं नाव द्वारकामाई, रामनवमीलाच उरूस. मालक वर आहे, असं तो म्हणत राहिला आणि लोक त्यालाच मालक म्हणत राहिले. १९१८ च्या दसऱ्याला त्यांनी देह ठेवला आणि मुरलीधरासाठी बांधायला घेतलेल्या बुटींच्या वाड्यात त्यांना ठेवलं गेलं. मुरलीधर राहिलाच. १९५४ साली शिल्पकार तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती तिथे बसली. २००४ साली विधिमंडळानं संस्थानाच्या कारभाराचा स्वतंत्र कायदा केला. आणि २०१४ साली द्वारकेच्या शंकराचार्यांनी साईबाबा देव नाहीत, त्यांची पूजा करू नका, म्हणून वाद उभा केला. तेव्हा फार थोड्यांना एक गोष्ट जाणवली: प्रत्येक जीव ब्रह्म आहे असं शिकवणाऱ्या पीठावरून ‘हा एक जीव मात्र देव नाही’ असं सांगितलं जात होतं. मला शिर्डीच्या रांगा आवडत नाहीत. पण त्या मशिदीच्या पायरीवर हिंदू आणि मुसलमान शेजारी बसले, ही गोष्ट कोणत्याही पीठाच्या खात्यावर जमा नाही.

‘साईसच्चरित’ लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर, आणि बुवाबाजीविरुद्ध आयुष्य झिजवणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर. आडनावांचा हा योगायोग विधात्यालाच सुचू जाणे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांचा खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. हा कायदा बारकाईनं वाचण्यासारखा आहे. एखाद्यानं स्वतःला देव म्हणवून घेतलं तर तेवढ्यानं तो गुन्हा होत नाही. अंगात अवतार असल्याचं भासवून बाईशी लैंगिक संबंध ठेवले, चमत्काराच्या नावानं लोकांना लुबाडलं, तर गुन्हा. वारी, कीर्तन, हरिपाठ यांना हात लावलेला नाही. देवपणाच्या दाव्यात सरकार पडत नाही, दाव्यापायी झालेल्या इजेत पडतं. यापेक्षा शहाणी तडजोड मला सुचत नाही.

इजा दर वेळी फसवणुकीतूनच होते असंही नाही. १६ एप्रिल २०२३ चा खारघरचा समारंभ आपल्या महापालिकेच्या हद्दीतला. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला गेला. दासबोधाच्या बैठकांतून जोडलेली लाखो माणसं भर उन्हात मैदानावर बसली, आणि उष्माघातानं चौदाजण दगावले. नियोजनाचा दोष कोणाचा, यावर पुष्कळ बोलून झालं. मला मैदानावर बसलेल्यांबद्दल बोलायचं आहे. ही साधी, कष्टकरी माणसं होती. बैठकीमुळे दारू सुटली, घर सावरलं, असं सांगणारी. ज्यानं घर सावरलं त्याच्यासाठी उन्हात बसणं त्यांना जड वाटलं नाही. त्यांना अंधश्रद्ध म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. आणि ऊन लागूनही कोणी उठत नाही तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं, हा प्रश्नही मला सोडता येत नाही.

आता दुसरी समजूत, देव प्रत्येकात असल्याची. ही पहिलीपेक्षा उदात्त, यात वाद नाही. उपनिषदातल्या उद्दालकानं मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं बी फोडायला लावून आणि पाण्यात मीठ विरघळवून जे दाखवलं, त्याच्या तोडीचा विचार जगात फार थोड्यांनी केला. काशीला शंकराचार्यांना वाटेत चांडाळ भेटतो. बाजूला हो, म्हटल्यावर तो विचारतो की बाजूला कोणी व्हायचं, देहानं की आत्म्यानं? गोष्ट आपण चवीनं सांगतो. पैठणच्या नाथांचीही सांगतो, आणि तिथे आपली निवड पाहण्यासारखी आहे. रामेश्वराला न्यायची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतली, हे आपल्याला शाळेत शिकवलं. श्राद्धाचं जेवण त्यांनी आधी दाराशी आलेल्या महारांना वाढलं आणि त्यावरून ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, ही गोष्ट तितकी शिकवली नाही. गाढवात देव पाहिल्यानं कोणाची पंगत मोडत नव्हती.

या समजुतीला सर्वांत टोकदार प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा त्यांचा ग्रंथ राज्य सरकारनं १९८७ मध्ये छापला आणि राम-कृष्णावरच्या प्रकरणानं रस्त्यावर वादळ उठलं. त्या गदारोळात बाविसावं कोडं वाचायचं राहून गेलं. त्यात बाबासाहेब महावाक्यांची बाजू घेतात, तीही जोरकसपणे. सगळी माणसं एका ईश्वराची लेकरं आहेत, हा लोकशाहीचा पाया कच्चा आहे, असं ते म्हणतात. तू आणि मी एकाच ब्रह्माचे अंश आहोत, यापेक्षा भक्कम पाया सापडणार नाही. आणि मग विचारतात की असा पाया हाताशी असताना त्यावर समतेची एक वीटही का चढली नाही? त्यांचं उत्तर असं की ब्रह्म हे तत्त्वज्ञान राहिलं, त्याचा धर्म, म्हणजे रोज वागायचा नियम, झाला नाही. अद्वैताचा अभिमान बाळगणाऱ्या कोणी या प्रकरणाला पुरेसं उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, ते एका अर्थानं उत्तरच होतं. पण दहा दिवस उपाशी राहावं लागलं, यातच कोड्याची ताकद दिसते.

बाबासाहेबांनी पहिल्या समजुतीलाही सोडलं नाही. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात, रानड्यांच्या एकशेएकाव्या जयंतीला, ते विभूतिपूजेवर कडाडून बोलले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असं वदवून घेतलं. बुद्धाला माणूस ठेवण्याची ही मोठी खबरदारी होती.

हे सगळं पुस्तकातलं वाटत असेल तर महाडला जाऊ; ते आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. पाठोपाठ महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. नंतर सनातन्यांनी तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते पाणी परत तळ्यात ओतलं आणि तळं शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. गाईच्या शेणात पावित्र्य दिसलं, माणसाच्या ओंजळीत दिसलं नाही. आणि हे करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गीता असणार.

डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी दिवाणी कोर्टात गेले आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. म्हणून त्या महिन्याच्या परिषदेत दुसऱ्यांदा पाणी घेता आलं नाही, मनुस्मृती जाळली गेली. दावा हायकोर्टापर्यंत चढला. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला तो बाबासाहेबांच्या बाजूनं. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड. गांधीजींना १९२२ साली सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. नऊ वर्षांहून अधिक काळ दोन्ही बाजूंचे वकील भांडले ते एवढ्यावर: तळ्याची मालकी खाजगी की नगरपालिकेची, आणि अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचा पुरावा काय. तळं नगरपालिकेचं ठरलं. वहिवाट अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही.